खोलीसकट ऐकू येणारं गाणं

ज्येष्ठ वद्यात पुण्यातला मुक्काम उरकून दोन्ही पालख्या निघतात. हडपसरला वाटा फुटतात. माउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने सरळ आमच्या लोणी काळभोरला मुक्कामाला येते. त्या रात्री गाव जागं असतं. अंगणात जागा असेल त्याच्याकडे एखादी दिंडी उतरते, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पिशव्या उशाला घेऊन माणसं आडवी होतात, आणि कुठे ना कुठे भजन चालूच असतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका भजनाला मी मांडवाच्या खांबाला टेकून बसलो होतो आणि मोबाइल मांडीवर ठेवून ते टिपून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकलं तेव्हा एक गोष्ट आधी खटकली. टाळ आणि पखवाज एकदम पडले की बुवांचा आवाज दबायचा आणि पुढचा ठोका यायच्या आत हळूच वर यायचा. पुन्हा दबायचा, पुन्हा वर. अख्खं मुद्रण श्वास घेतल्यासारखं हलत होतं. कारण साधं आहे. मोबाइलमधला रेकॉर्डर आवाजाची पातळी आपणहून सांभाळतो. मोठा आवाज आला की सगळंच खाली खेचतो, तो ओसरला की सगळं पुन्हा वर उचलतो. चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना लक्षात आलं की हा श्वास आपल्या ओळखीचा आहे. रात्री अभ्यासाला बसलेली मुलं ज्याला 'लोफाय' म्हणतात, त्या संगीतात बेस ड्रमचा ठोका पडला की मागचा पियानो क्षणभर असाच दबतो आणि सावकाश वर येतो. तिथे ते मुद्दाम केलेलं असतं, 'साइडचेन कॉम्प्रेशन' नावाची युक्ती वापरून. लोणीच्या मांडवात ते कुणी न ठरवता झालं होतं.

हे पुस्तक त्या ऐकण्यातून सुरू झालं. इंडी आणि लो-फाय संगीतातले माझे आवडते कलावंत मराठी वाचकांना भेटवावेत, एवढाच त्याचा हेतू आहे. ज्यांनी या वाटेवर पाऊलच ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी ते आहे. जे रोज हेडफोनवर हे ऐकतात, पण घरात कुणाशी त्याबद्दल बोलता येत नाही, त्यांच्यासाठीही आहे. मला एकच म्हणायचं आहे आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच्याभोवती फिरतात. हे संगीत परकं वाटत असलं तरी ते ऐकायचा कान आपल्याकडे शंभर वर्षांपासून तयार आहे. आपण त्याला नाव दिलेलं नव्हतं, एवढंच.

आधी हे दोन शब्द एकमेकांपासून सोडवून घेऊ, कारण त्यांची फार सरमिसळ होते. 'इंडी' हा इंडिपेंडंटचा आखूड केलेला शब्द. त्याचा संबंध मालकीशी आहे. गाणं कुणी काढलं, त्यासाठी पैसा कुणी घातला, कोणतं गाणं ठेवायचं आणि कोणतं गाळायचं हे कुणी ठरवलं, या प्रश्नांची उत्तरं गाणाऱ्याच्या हातात असतील तर ते इंडी. आपल्या भाषेत याला पदरमोडीचं संगीत म्हणता येईल. 'लो-फाय'चा संबंध आवाजाच्या पोताशी आहे. टेपची खरखर, खोलीतला घुमारा, खुर्चीची करकर, बाहेरून गेलेली मोटारसायकल, हे सगळं ज्यात राहिलं आहे ते लो-फाय. दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र येतात, पण याव्याच लागतात असं नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकेतला मोठ्यात मोठा रॉक गायक. कोलंबियासारख्या बड्या कंपनीने १९८२ साली त्याचा 'नेब्रास्का' हा अल्बम काढला, आणि त्यातली गाणी त्याने घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर नमुना म्हणून मुद्रित केलेली होती. नंतर बँड घेऊन ती पुन्हा वाजवून पाहिली, पण घरच्या कॅसेटमधलं काहीतरी त्यात येईना. शेवटी ती कॅसेटच बाजारात आली. हा अल्बम लो-फाय आहे, इंडी नाही. उलट आपल्या पुण्याचा 'ईझी वाँडरलिंग्ज' हा बँड पूर्णपणे स्वतंत्र आहे आणि त्यांचं मुद्रण मात्र धुतलेल्या काचेसारखं लख्ख आहे.

'हाय-फाय' हा शब्द हाय फिडेलिटीचा. फिडेलिटी म्हणजे निष्ठा, इमान. वाद्याचा आवाज जसा होता तसा कानापर्यंत इमानाने पोचवणं, असा त्याचा दावा. १९८६ मध्ये न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रावर विल्यम बर्गर नावाच्या निवेदकाने घरगुती मुद्रणं वाजवणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू केला आणि त्याला 'लो-फाय' असं नाव दिलं. तिथून हा शब्द एका संगीतप्रकारासाठी रुळत गेला. मला मात्र तो 'लो' नेहमी अपुरा वाटत आला आहे. इमान कशाशी, हा खरा प्रश्न आहे. स्टुडिओतलं मुद्रण वाद्याशी इमान राखतं आणि त्यासाठी खोली पुसून टाकतं. घरातलं मुद्रण खोलीशी इमान राखतं. गाणारा कुठे बसला होता, किती वाजले होते, शेजारी कोण होतं, हे त्यात ऐकू येतं.

आता आपल्या कानाकडे वळू.

मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना त्या खरखरीतून वर येणारा तो बारीक, सुईसारखा सूर आठवेल. खाँसाहेब १९३७ साली गेले. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नसे, म्हणून राग तेवढ्यात बसवावा लागे. पुढच्या काळात खरखर काढून टाकलेल्या त्यांच्या प्रती निघाल्या. त्या ऐकताना माझं मन लागत नाही, कारण खरखरीबरोबर सुराची वरची धारही गेलेली असते. दुसरं उदाहरण मैफलींच्या खासगी ध्वनिमुद्रणांचं. पुण्या-मुंबईतल्या रसिकांनी स्पूलवर आणि नंतर कॅसेटवर टिपलेल्या कितीतरी मैफली हातोहात फिरल्या. एकाने दुसऱ्याला प्रत करून दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि प्रत्येक प्रतीत खरखर थोडी वाढत गेली. पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला, समेवर उमटलेली दाद, मध्येच टेप बदलल्यामुळे तुटलेली तान. कंपनीने काढलेली चांगली रेकॉर्ड घरात असूनही लोकांनी या मैफली जपल्या. का, याचं उत्तर कुठल्याही जाणकाराला विचारा. त्या दिवशी बुवा आपल्यासाठी गायले, हे त्या टेपमध्ये ऐकू येतं. लो-फायवर परदेशात जे काही चांगलं लिहिलं गेलं आहे त्याचा मला सापडलेला गाभा हाच आहे.

इंडीचंही तसंच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशींच्या रेकॉर्डपासून भावगीत घरोघर पोचलं. नाटकाचं नाही, पुढे सिनेमाचंही नाही, असं नुसतं कवितेचं गाणं. गजानन वाटवे (१९१७–२००९) हे त्या परंपरेतलं मला सर्वांत जवळचं नाव. पेटी पुढ्यात घ्यायची, कवीचे शब्द घ्यायचे, चाल स्वतः लावायची आणि गणेशोत्सवात चौकातल्या गर्दीसमोर एकट्याने गायचं. एक माणूस, एक वाद्य, स्वतःची चाल आणि समोर बसलेले श्रोते. गिटार घेऊन कॅफेत गाणाऱ्या आजच्या मुलामुलींचं वर्णन यापेक्षा वेगळं काय करणार? पुढे २००३ मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी 'आयुष्यावर बोलू काही' सुरू केलं तेव्हा एका पिढीला वाटलं की नुसती कविता घेऊन श्रोत्यांपुढे गावं ही नवीच गोष्ट आहे. ती नवी नव्हती. मध्ये तुटलेला धागा त्यांनी उचलला होता.

भावगीताच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यापासून दूर, याच गोष्टीचं याहून जोरकस रूप होतं, आणि त्याकडे संगीतावर लिहिणाऱ्यांनी पुरेसं पाहिलेलं नाही. पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' हे १९९३ चं पुस्तक भारतातल्या कॅसेटच्या लाटेवर आहे. स्वस्त कॅसेट आली आणि एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी कशी मोडली, गावोगावच्या छोट्या उत्पादकांनी आपापल्या बोलीतलं संगीत कसं काढलं, हे त्यात नीट मांडलं आहे. महाराष्ट्रात त्याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे भीमगीतं. वामनदादा कर्डकांची लेखणी, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमपांसारखे गळे, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर लागणारे कॅसेटचे स्टॉल. रेडिओने फार वाजवलं नाही, मासिकांनी परीक्षणं छापली नाहीत, तरी लाखो घरांत ती गाणी पोचली. स्वतंत्र वितरण म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी आधी त्या स्टॉलकडे बोट दाखवीन, न्यूयॉर्कच्या रेकॉर्डच्या दुकानाकडे नंतर.

लोणीत राहून हे लिहिताना आणखी एक गोष्ट समोर असते. आमच्या गावची राजबाग ही राज कपूर यांची शेती. 'सत्यम् शिवम् सुंदरम्' (१९७८) चं चित्रीकरण इथे झालं. आज तिथे विद्यापीठ आहे, राज कपूर यांचं स्मारक आहे, आणि गावातल्या भाड्याच्या खोल्यांत शिकायला आलेली मुलं राहतात. भारतात सिनेमा हा संगीताचा इतका मोठा धनी राहिला की त्याच्या बाहेरचं जे काही, त्याला आपण नकारानेच ओळखलं: 'गैरफिल्मी'. ज्या जमिनीवर त्या सिनेमाची सावली पडली होती तिच्यापासून हाकेच्या अंतरावर एखादा मुलगा गादी भिंतीला उभी करून, लॅपटॉप आणि एक माइक घेऊन गाणं करतो. मागे सोलापूर रस्त्यावरच्या टँकरची घरघर आणि दौंडकडे निघालेल्या गाडीचा भोंगा त्यात येतोच. अशी मुद्रणं मी ऐकली आहेत. भोंगा काढून टाकू नकोस, असं मी प्रत्येकाला सांगतो.

या पुस्तकात मी ज्यांची शिफारस केली आहे त्यांत पहिलं प्रकरण रेमो फर्नांडिस यांचं आहे आणि ते सर्वांत लांबही आहे. रेमो मूळ गोव्यातल्या शिवोलीचे. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकला शिकले. मुंबईतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी नकार दिल्यावर त्यांनी शिवोलीच्या घरातच अल्बम करायचं ठरवलं. १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' तयार झाला. गाणी त्यांची, सगळी वाद्यं त्यांनीच वाजवलेली, सगळे आवाज त्यांचेच, मुद्रण आणि कव्हरही त्यांनीच केलेलं. मग कॅसेट घेऊन ते आपल्या पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत स्वतः फिरले. पुढच्या दोन वर्षांत त्याच रीतीने आणखी दोन अल्बम आले. मोठ्या कंपन्या त्यानंतर दारात आल्या.

चार ट्रॅकच्या कॅसेटवर एकट्याने असं काम करायचं म्हणजे काय, हे थोडं जवळून पाहिलं पाहिजे, कारण लो-फायचा आवाज कुठून येतो ते त्यातून कळतं. कॅसेटची फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते. एरवी तिच्या एका बाजूला दोन ट्रॅक, उलटवली की दुसऱ्या बाजूला दोन. १९७९ मध्ये टास्कम कंपनीने पोर्टास्टुडिओ आणला, त्यात हे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरता येऊ लागले आणि फीत दुप्पट वेगाने पळू लागली. म्हणजे आधी गिटार मुद्रित करायची, ती ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर बेस, तिसऱ्यावर ढोलक. आता एकच ट्रॅक उरला आणि गाणं तर अजून गायचंय. तेव्हा आधीचे तीन एकत्र मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुन्हा मुद्रण करायचं. याला 'बाउन्स' म्हणतात. प्रत्येक बाउन्सला टेपची सळसळ थोडी वाढते आणि आधी वाजवलेली वाद्यं जराशी मागे, धुक्यात सरकतात. शिवाय एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. गिटार जास्त झाली असं नंतर वाटलं तरी इलाज नाही. असा निर्णय घेऊन पुढे जायला मन घट्ट लागतं. आज लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडून सहा महिने एका गाण्यावर बसलेल्या मित्रांना मी म्हणूनच 'गोअन क्रेझी' ऐकायला सांगतो.

अमेरिकेतला डॅनियल जॉन्स्टन याच सुमारास याहून साध्या साधनावर काम करत होता. घरगुती टेपरेकॉर्डरवर गायचं आणि कॅसेट रस्त्यात भेटणाऱ्या लोकांना वाटायच्या. त्याचं 'हाय, हाऊ आर यू' १९८३ चं. त्याचा गळा कच्चा आहे, सूर सुटतो, आणि मनाच्या आजाराशी तो जन्मभर झगडला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते सहन होत नाही. मी त्याच्यावर फक्त चार पानं लिहिली आहेत, कारण त्याची शिफारस करताना माणसाला हात धरून बसवावं लागतं. लिहून ते होत नाही.

आता ज्याला मुलं 'लोफाय' म्हणतात त्याच्याकडे. त्याचे दोन पूर्वज आहेत आणि योगायोग असा की दोघेही ७ फेब्रुवारी १९७४ या एकाच दिवशी जन्मले. एक डेट्रॉइटचा जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला, दुसरा टोकियोचा जुन सेबा ऊर्फ नुजाबेस. डिलाचा 'डोनट्स' हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला आणि तीन दिवसांनी तो गेला. नुजाबेस २०१० मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. दोघांनीही जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून त्यांतून नवं संगीत विणलं. डिलाचं वेगळेपण लयीत आहे. ड्रम मशिनवर ठोके काटेकोर मात्रेवर बसवून देणारी सोय असते. ती त्याने पुष्कळदा बंद ठेवली आणि बोटांनी वाजवलं तसंच ठेवलं. त्यामुळे एक ठोका केसभर मागे राहतो, दुसरा किंचित पुढे येतो. भजनात जाणता पखवाजी ठेका धरून असाच जरा मागे रेलतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. ज्यांनी ते अनुभवलं आहे त्यांना डिला समजावून सांगावा लागत नाही. त्याचं यंत्र, एमपीसी ३०००, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेलं आहे. नुजाबेस मऊ आहे, पियानो आणि सॅक्सोफोनचा, पावसाळी दुपारचा. 'मोडल सोल' (२००५) पासून सुरुवात करा.

या संगीतातल्या खरखरीलाही कारण आहे. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात सगळे मिळून दहाएक सेकंदांचाच आवाज साठवता येई. तेवढ्यात जास्त मावावं म्हणून मुलं ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर पळवून तुकडा उचलत आणि मग यंत्रात पुन्हा हळू करत. हळू करताना आवाज भरड होई, कडा झिजत. गरजेपोटी आलेली ती झीज पुढे कानाला आवडू लागली, आणि आज ज्यांच्या फोनमध्ये हजारो गाणी मावतात ती मुलं तीच झीज सॉफ्टवेअरने मुद्दाम लावतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. वाडा पाडल्यावर त्याचा सागवानी दरवाजा नव्या फ्लॅटला लावणाऱ्या माणसाला आपण खोटं म्हणत नाही.

पण एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे आणि तो इथेच सांगून टाकतो. जुनं हिंदी किंवा मराठी गाणं घ्यायचं, त्याची गती कमी करायची, वर घुमारा आणि पावसाचा आवाज चढवायचा आणि 'लोफाय व्हर्जन' म्हणून सोडून द्यायचं, हा प्रकार आपल्याकडे अफाट चालतो. त्यात मूळ गायकाचं, संगीतकाराचं, वादकांचं नावही पुष्कळदा नसतं. गाणं हळू करण्याची कला खोटी नाही. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने नव्वदच्या दशकात तिच्यातून एक अख्खी शैली उभी केली. पण त्यामागे निवड होती, हात होता, तासन्‌तास टर्नटेबलवर घातलेले होते. नुसती गती कमी करून खोली तयार होत नाही. अशा एकाही गाण्याची शिफारस या पुस्तकात नाही.

पॅरिसहून चालणारा 'लोफाय गर्ल' हा इंटरनेटवरचा चोवीस तासांचा संगीतप्रवाह मात्र पुस्तकात आहे. त्याच्या चित्रातली हेडफोन घातलेली मुलगी २०१८ पासून खिडकीशी बसून लिहिते आहे. तिच्यामुळे जगभरच्या शेकडो अनोळखी संगीतकारांना श्रोते मिळाले. दोष एकच की त्यांची नावं कुणी वाचत नाही. मी एक सवय लावून घेतली आहे: एखादा तुकडा आवडला की वही काढून करणाऱ्याचं नाव लिहायचं आणि त्याचं आणखी काय आहे ते शोधायचं. या पुस्तकातली निम्मी नावं त्या वहीतली आहेत.

आजच्या भारतीय इंडीत मला काय आवडतं ते पुढे विस्ताराने येईलच. इथे दाराशी उभं राहून चार नावं घेतो. प्रतीक कुहाड आज सगळ्यांना माहीत आहे. २०१९ च्या अखेरीस बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांत त्याचं 'कोल्ड/मेस' घेतलं तेव्हा वर्तमानपत्रांना तो सापडला. मी त्याच्या २०१५ च्या 'इन टोकन्स अँड चार्म्स'कडे पाठवीन, जिथे तो अजून कुणाला उद्देशून गात नाही, नुसता गातो. अरुणाचलच्या ताबा चाकेचं 'बॉम्बे ड्रीम्स' (२०१९) ऐकताना उकुलेलेच्या तारांवरची बोटं दिसतात. दिल्लीचा सूर्यकांत साहनी 'पीटर कॅट रेकॉर्डिंग को.' या बँडमध्ये गातो आणि 'लिफाफा' या नावाने एकट्याने काम करतो. त्याचा 'जागो' (२०१९) हा गेल्या दहा वर्षांतला मला सर्वांत धाडसी हिंदी अल्बम वाटतो. आणि पुण्याचे 'ईझी वाँडरलिंग्ज'. त्यांच्या 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' (२०१७) मध्ये एक निवांतपणा आहे, जो मला जुन्या पुण्यातल्या झाडांच्या रस्त्यांवर सकाळी लवकर भेटायचा. गाणी इंग्रजीत आहेत म्हणून ती आपली नाहीत असं मानू नका.

पुण्याचा या सगळ्यात मोठा वाटा आहे. २०१० मध्ये कोरेगाव पार्कात 'एनएच-७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा देशभरातल्या स्वतंत्र कलावंतांना एकत्र ऐकण्याची जागा झाली. पुढे काही वर्षं तो मगरपट्ट्याजवळच्या लक्ष्मी लॉन्सवर भरायचा, म्हणजे आमच्याच रस्त्यावर, हडपसरच्या अलीकडे-पलीकडे. ज्या शहराने १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवात थंडीत घोंगड्या पांघरून रात्र रात्र गाणं ऐकायची शिस्त कमावली, त्याच शहराला गवतावर बसून अनोळखी बँड ऐकायची सवय लवकर लागली, यात मला नवल वाटत नाही.

मराठीत काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. 'अभंग रिपोस्ट' अभंगांना गिटार-ड्रम्सच्या संगतीत आणतात आणि शब्दांशी इमान राखतात. अमरावतीचा '१०० आरबीएच' आणि पुण्याचा 'संबाटा' यांच्या रॅपमध्ये जी मराठी ऐकू येते ती छापील मराठीला अजून भेटलेली नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या २०२४ मधल्या 'तांबडी चामडी'ने मराठी शब्दांवर जगभरचे लोक नाचू शकतात हे दाखवलं. पण शांत, एकट्या खोलीतलं, लो-फाय मराठी गाणं अजून थोडं आहे. भावगीताच्या भाषेत ही जागा रिकामी राहावी याची मला खंत आहे. ती भरणारा कुणी हे पुस्तक वाचत असेल तर त्याने पुढची पानं सोडून आधी गाणं करावं.

ऐकायचं कसं, हेही सांगतो. पहिल्यांदा ऐकताना दुसरं काही करू नका. रात्री दहानंतर, दिवा मंद करून, एकच अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. खोली ऐका. गाणारा माइकपासून किती लांब आहे? भिंती जवळ आहेत की दूर? श्वास कुठे घेतला? मग शब्दांकडे या. नंतर हवं तर स्वयंपाक करताना, बसमध्ये, कुठेही ऐका.

आणि पैशाचं. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजारदा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. लहान कलावंताची बहुतेक गाणी सुरुवातीला त्या हजाराच्या आतलीच असतात. बँडकॅम्प या संकेतस्थळावर किंमत कलावंत ठरवतो आणि डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के कंपनी ठेवते. उरलेले, व्यवहाराचा खर्च वजा जाता, कलावंताचे. या पुस्तकातलं एक जरी गाणं मनात राहिलं तरी ते तिथून किंवा कार्यक्रमाच्या टेबलावरून विकत घ्या. चहा-वड्याच्या खर्चात ते बसतं.

शेवटी एक विनंती. माझ्या मामांच्या घरी एक कॅसेट होती. गावातल्या भजनी मंडळाचं गाणं, कुणाच्या तरी ओसरीवर टिपलेलं. मागे कुत्रं भुंकतं, एक बाई कुणाला तरी आत बोलावते, आणि एक म्हातारा गळा इतका सुंदर लागलेला आहे की मी ती पन्नासदा तरी ऐकली असेन. कव्हरवर काहीच लिहिलेलं नाही. मामा गेले तेव्हा मी सगळ्यांना विचारलं. ते कोण गात होतं हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. तुमच्या कपाटात अशी कॅसेट किंवा स्पूल असेल तर आजच बाहेर काढा. बुरशी लागलेली नाही ना ते पाहा, फीत सैल झाली असेल तर पेन्सिलीने घट्ट करा, दमट जागेतून हलवा, जमेल तशी तिची प्रत फोनवर उतरवून घ्या. आणि कव्हरवर पेनाने लिहा: कोण गातंय, कुठल्या खोलीत, कोणत्या साली.

लोणी काळभोर